माझी बहीण, घोड्यांची डोणी

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुनी शवपेटी आहे, पण ऐऱ्यागैऱ्या लाकडाची नव्हे, अखंड दगडाची! इंग्लंडातल्या एका लहान गावाच्या बाजाराखाली मी सातशे वर्षे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

तेव्हा इथे मठ होता. एकाच पाथरवटाने मला आणि माझ्या बहिणीला घडवले. डोके नीट टेकावे म्हणून एका टोकाला गोल खोबण आणि पाणी निथळायला तळाशी भोक. मठाचे प्रमुख विमंड माझ्या कुशीत निजले. त्यांच्यामागून प्रमुख झालेले गर्वेस बहिणीच्या कुशीत.

पुढे राजाने मठ मोडला. गावकऱ्यांनी दगड पळवले, घरे बांधली. बहिणीचे झाकण फोडले, गर्वेसांची हाडे मातीत ओतली आणि तिला ओढत नेले. मी खोलवर होते म्हणून वाचले. विमंडांचे करंगळीचे हाडही मी हलू दिले नाही!

यंदा बाजारात वाचनालयासाठी खोदकाम निघाले. यंत्र चालवणारा नॉर्मन ओरडला, "फिलिपाबाई, ही बघा, डोरीनच्या खानावळीपुढे आहे तसलीच डोणी!"

"झाकणाची डोणी? तुझे घोडे काय झाकण उघडून पाणी प्यायचे?" उत्खनन करणारी फिलिपा हसली. मग माझ्या शेजारच्या मातीतली हाडे पाहून ती खाली वाकली. "ह्यांना पेटीच नाही. खोक्यात घालून कोठारात ठेवावं लागेल."

मला फार वाईट वाटले. गर्वेस आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात!

बघ्यांत म्हातारी डोरीनही होती. झाकण उचलल्यावर माझी खोबण पाहून तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई! ही गोल जागा घोड्याचं तोंड मावायला केलीय, असं मी जन्मभर सांगत आले."

"तुमच्या डोणीच्या तळाला भोक आहे?" फिलिपाने विचारले.

"होतं. सासऱ्यांनी बूच मारलं." डोरीनने त्या हाडांकडे पाहिले. "घेऊन जा ती."

"अगं, खानावळीचं नावच 'दगडी डोणी' आहे!" नॉर्मन म्हणाला. "दारात डोणी नसली तर गिऱ्हाईक हसेल."

"हसू दे! तो बिचारा अंथरुणावाचून पडलाय, आणि मी त्याच्या अंथरुणात फुलझाडं लावतेय!"

डोरीनने स्वतः झाडे उपटली, बूच काढले आणि ब्रशने बहिणीला घासून काढले. हाडांचा अभ्यास आटोपल्यावर पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली आणि विमंड माझ्यात, गर्वेस बहिणीत पुन्हा निजले. आता आम्ही वाचनालयाच्या फरशीखाली शेजारी शेजारी आहोत. घोड्यांच्या माना घासून बहिणीची कड गुळगुळीत झाली आहे. मी एकाला सांभाळले, तिने गावभरच्या घोड्यांची तहान भागवली. अशी बहीण मिळायला भाग्य लागते!

मित्रांनो, जुनी वस्तू सापडली की 'हिचा काय उपयोग?' असे जरूर विचारा. पण आधी 'ही कोणाची?' एवढे विचारा. त्या एका प्रश्नासाठी गर्वेसांना जवळजवळ पाचशे वर्षे मातीत वाट पाहावी लागली.