लाँड्रीच्या डोक्यावरचे हिरवे छप्पर

मित्रांनो, जरा मान वर करा. या लाँड्रीच्या डोक्यावर अठरा वर्षे ऐटीत पसरलेले हिरवे छप्पर, ते मीच! बाकीची छपरे पाऊस झटकून मोकळी होतात. मी तो आधी जिरवते, गाळते आणि मगच खालच्या टाकीत सोडते.

लाँड्रीवाल्या मावशी आणि त्यांचे माळी असलेले दादा यांनी मला घडवले. तळाशी पाणी अडवणारा जाड थर, त्यावर खडी, खडीवर गाळणीचे कापड, वर चार बोटे माती आणि तीत बुटकी, काटक रोपे. माझ्या पाण्यात चादरी खळबळायच्या, असा मावशींचा सरळ बेत होता.

पण दादांचा हात सढळ. जन्मभर बागा पोसलेला माणूस! त्या चार बोटे मातीत त्यांनी पोतीच्या पोती शेणखत कालवले. मी अशी तरारले की रस्त्यावरची माणसे थांबून बघत, आणि खरे सांगते, मी फुगून गेले. पुढच्याच पावसात टाकीतले पाणी चहासारखे तांबूस झाले आणि दवाखान्याच्या चादरी पिवळट निघाल्या.

"दादा, तुझं हे लाडकं छप्पर माझं गिऱ्हाईक घालवणार," मावशी कडाडल्या. "एवढा पावसाळा बघते, नाहीतर काढून पत्रा टाकते."

"अगं, रोपांना उपाशी कशी ठेवू?"

"उपाशी नको ठेवूस, पण घशाशी येईपर्यंत भरवायचं कशाला? सगळं खत माझ्या टाकीत उतरतंय!"

खरेच होते ते. कापड माती अडवते, पण पाण्यात विरघळलेले खत कसे अडवणार? पत्र्याच्या नावाने मला धडकी भरली. दादा दिवसभर माझ्या कडेला बसून माती चिमटीत चोळून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काळीभोर माती स्वतःच उपसली आणि विटांचा चुरा घातलेली हलकी माती भरली. दर पावसानंतर ते टाकीतले पाणी काचेच्या बाटलीत घेऊन खिडकीत ठेवत. पहिली बाटली तांबूस, तिसरी फिकी. सहावीतून पलीकडचे दुकान दिसले. इकडे माझी फुले निम्मी झाली. दादांचा जीव तुटे, तरी मूठभर खत त्यांनी टाकले नाही.

मावशींनी ती सहावी बाटली उजेडात धरून बराच वेळ निरखली. मग दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांची दुपटी उचलली आणि माझ्या पाण्यात खळबळली. लख्ख निघाली!

मित्रांनो, झाडांवर माया जरूर करा. पण ती ओघळून खाली कुणाच्या पाण्यात जाते, तेही बघा.

त्या दिवशी दादा वर आले, माझ्या मातीवर हात ठेवून म्हणाले, "वाळलंस बाबा, पण नाव काढलंस."