परतपावली

हातमोज्यावरचे बर्फाचे दाणे एकमेकांना चिकटेनात. जाड साखरेसारखे, कोरडे, चमकणारे – रोझविताने मूठ आवळली, उघडली, आणि ते बोटांमधून गळून गेले... वर वाऱ्याने आणून टाकलेला कडक थर, खाली ही साखर, आणि असल्या उतारावरून एकेकाने आडवं पलीकडे जायचं, का, तर सासरे म्हणाले म्हणून.

मघाशी स्कीखाली सगळा बर्फ एकदम खचला होता. वुम्म – एवढाच आवाज, पण पोटात शिरलेला.

"बाबा, ऐकलंत ना? खालचा थर बसला."

"बर्फ आहे तो, ढेकर देणारच," काश्पर म्हणाले.

"सकाळच्या हिमस्खलनाच्या सूचनेत धोका तीन सांगितलाय."

"पाचातला तीन. शाळेत मला कधी याहून बरा आकडा पडला नाही."

आणि लोरेन्झ हसला. नवरा म्हणवणारा माणूस. त्यानेही तो आवाज ऐकला होता, त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडलेला तिने पाहिला होता, तरी हसला. बापाच्या विनोदावर हसायची सवयच त्याला, लहानपणापासूनची. त्या हसण्याचा तिला जास्त संताप आला.

गेल्या हिवाळ्यात इथूनच ती एकटी मागे फिरली होती. हे दोघं पलीकडे गेले आणि काही झालं नाही. काही झालं नाही – बस, एवढाच त्यांचा पुरावा! संध्याकाळी गावातल्या खाणावळीत सूप टेबलावर यायच्या आत मालकीण म्हणाली, "या, परतपावली बाई," आणि सगळी खोली खिदळली. वर्षभर तेच नाव. कावळा बसला आणि फांदी मोडली नाही, तर गावाने कावळ्यालाच फांदीतला जाणकार ठरवून टाकलं... आणि मी? मी बरोबर होते हे मी कुणाला दाखवणार? न कोसळलेला बर्फ कुणाच्या बाजूने साक्ष देतो? काल रात्री लोरेन्झ म्हणाला, या वेळी तरी आमचं हसं करू नकोस, आणि ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचाही आता तिला राग येत होता.

काश्पर निघाले. सावकाश, ऐटीत, अंगणातून चालल्यासारखे. पोचले. पलीकडच्या खडकापाशी काठी उंचावून दाखवली.

"निघतो," लोरेन्झ म्हणाला, आणि गेला.

ती पाहत राहिली. जा. जा ना – तुझ्या बापाचा उतार, तुझ्या आज्याचा उतार – एक भेग, नुसती एक भेग पडू दे वर, म्हणजे कळेल, खाणावळीतल्या त्या हसणाऱ्या तोंडांना कळेल, त्या म्हाताऱ्याला कळेल... आता. आता पडेल. डोळ्यांत पाणी आलं तरी तिने पापणी लववली नाही.

"ये गं, काही होत नाही," पलीकडून लोरेन्झची हाक आली.

पोचला होता. तिच्या छातीत काहीतरी धपकन खाली बसलं. सुटका असावी असं तिला वाटलं, मग कळलं की ती सुटका नव्हती. निराशा होती, चक्क निराशा.

एकजण उतारावर असला की मागच्याने नजर त्याच्यावर ठेवायची. बर्फ कोसळला तर तो शेवटचा कुठे दिसला, तिथूनच खाली शोधायला सुरुवात करायची असते. आणि ती सारा वेळ वर, कड्याखालच्या बर्फाकडे पाहत होती, जिथून भेग सुटली असती तिथे. तो अर्ध्यावर कधी आला, कुठे थांबला, तिला काही सांगता आलं नसतं. तो गाडला गेला असता तर ती इथे उभी राहिली असती – बरोबर ठरलेली.

"अगं परतपावली, येतेस का जातेस?" काश्पर ओरडले.

राग होताच, अजून जळत होता. पण आता तो कुणावर काढायचा ते सुचेना. लोरेन्झ दोन्ही हात हलवत होता. तिने त्याच्याकडे नीट पाहायचा प्रयत्न केला, आणि तिला जमलं नाही.