पेल्यातला ताण

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे दहावीची मुलं, मागे त्यांच्याहून घाबरलेले आईबाप आणि मंचावर कोट घातलेले श्वासगुरू. कानाला माइक, चेहऱ्यावर तुपकट हसू. टेबलावर काचेचे पेले, त्यांत नितळ पाणी आणि एकेक नळी.

“ताण दिसत नाही म्हणता? मी दाखवतो!” गुरू गरजले. “हे कंपित जल आहे. श्वासातली काळजी शोषून घेतं. फक्त फुंका. चुकूनही ओढू नका, नाहीतर ताण दुप्पट होऊन आत जाईल!”

एका मुलानं फुंकलं. बुडबुडे आले आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. सगळ्यांनी आ वासला. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या; तेही विज्ञानाचे पदवीधर, बरं का!

मी डॉक्टर, पण आलो होतो भाचीचा मामा म्हणून. पोरगी पहाटे क्लासला जाते, मग शाळा, मग पुन्हा क्लास. हल्ली तिचं डोकं दुखायचं, पोटात अन्न टिकत नव्हतं. मी तपासून म्हणालो होतो, “हिला झोपू द्या.” त्यावर माझी ताई म्हणाली, “झोप काय, कुणीही सांगेल. तू डॉक्टर ना? काहीतरी औषध सांग!” अशा लोकांच्या जिवावरच असले गुरू पोसले जातात.

भाचीची पाळी आली. गुणी पोर, सांगितलं की मन लावून करणार. दम लागेस्तोवर फुंकत राहिली. साहजिकच तिचा पेला सगळ्यांत पांढरा.

गुरूंनी कपाळाला हात लावला. “बाई, मुलीच्या हाडांत ताण मुरलाय! उद्यापासून हिला आणखी लवकर उठवा, माझ्या जलात तासभर फुंकू द्या. नाहीतर परीक्षेचं काही खरं नाही.”

“उठवते,” ताई डोळे पुसत म्हणाली. म्हणजे पोरीची उरलीसुरली झोपही गेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मंचाकडे निघालो, तेवढ्यात भाचीला हुंदका आला आणि तोंडातल्या नळीतून तिनं चुकून घोट ओढला.

“थू! जीभ चुरचुरली!”

मी धावत जाऊन तिला चूळ भरायला लावली. “साबणासारखं लागतंय रे मामा,” ती म्हणाली आणि पेल्याकडे बघत थबकली. “फुंकलं की दुधाळ होतं... अरे, ही तर चुन्याची निवळी! आम्हाला दोन मार्कांना येते.”

समोरच्या प्रत्येक मुलाला ते उत्तर तोंडपाठ होतं. करून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं, कारण प्रयोगशाळेत जादा तास भरत होते. धन्य ते शिक्षण!

“बाळ, आधी श्रद्धा हवी...” गुरू पुटपुटले.

“मामा, कॅन्टीनमधून सोडा आण ना.”

मी आणला. तिनं एका नव्या पेल्यात थोडा ओतला. पाणी पांढरं झालं.

“या सोड्याची कुठली परीक्षा आहे हो?” मागून एक आजोबा ओरडले. सभागृह हसलं. आत्ताच टाळ्या वाजवणारे सगळ्यांत मोठ्यानं हसले.

भाची सभागृहाकडे वळून बोलू लागली. “आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, सोड्यातही तोच. तो निवळीत मिसळला की पांढरा साका होतो. एवढ्या वेळात तरी जास्त फुंकलं की जास्त पांढरं. हसतखेळत फुंकलं तरी!”

ओढू नका, ही ताकीदही त्यासाठीच होती. निवळी तोंडात गेली की बिंग फुटणार. गुरू पेले गोळा करू लागले.

“मग तुझ्या ताणाचं काय गं?” ताईनं विचारलं.

“तो आहेच, आई. पण तो पेल्यात नाही. मला झोप हवीय.”

पालकहो, ताण खरा असतो, म्हणूनच त्याचा बाजार मांडता येतो. चमत्कार दिसला की आधी विचारा: हेच दुसऱ्या कशानं होतं का? आणि पोरांना फुंकायला लावण्याआधी त्यांना झोपू द्या, खेळू द्या, त्यांचं ऐका. अक्कल गहाण ठेवलीत, तर ती सोडवताना पोरं भरडली जातील.

दुसऱ्या दिवशी पहाटे क्लासच्या सरांचा फोन आला. मी ताईकडेच होतो.

“नाही येणार ती,” ताई हळू आवाजात म्हणाली. “झोपलीये. मी उठवणार नाही.”