बाराचा भोंगा

तुम्ही माणसांना मतदानाच्या दारातून परत पाठवलंत. चोर नव्हती ती, पिऊन आलेली नव्हती. यादीत नावं होती त्यांची, अंगावर धुतलेले सदरे होते. तरी परत पाठवलंत, आणि तेही स्वतः समोर न येता. आमच्याच गावातल्या एका सरळ बाईच्या हातात कार्ड दिलंत आणि तिच्या तोंडून हाकललंत. मी तुमचं नाव घेत नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीत त्या खुर्चीवर कोण बसतं, हे तुम्हाला माहीत आहे.

परत आलेला पहिला माणूस मी पाहिला तो युजीन कोस्टेल्निक, आमच्या गावचा न्हावी. सकाळची वेळ, एप्रिलचा चिखल, आणि बंबखान्याच्या पुढ्यात चर्चच्या बायकांनी पिरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांचं, टेबल लावलेलं. आमच्याकडे मतदान बंबखान्यात होतं. आगीचे बंब बाहेर काढतात, आत पडदे लावतात, आणि ज्याने मत दिलं तो बटाट्याच्या पिरोगी खाऊन घरी जातो. लिओना ह्राबोव्स्की कढईपाशी उभी होती. युजीन आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"एवढ्यात?" लिओना म्हणाली. "कोणाचं नाव आवडलं नाही का तुला?"

"नावं बघायला मिळाली तर ना! आज आपला दिवस नाही म्हणे. दोन पक्षांची दोन लग्नं आहेत, आपण कोणाच्याच वरातीत नाही. दे चार पिरोगी. कांदा जास्त घाल."

"अरे, राष्ट्राध्यक्षाचं राहू दे. ॲम्ब्युलन्सच्या प्रश्नाचं काय?"

"त्याचं काय? मार्जरी म्हणाली, पक्ष नाही तर मतपत्रिका नाही."

लिओनाच्या हातातला झारा तसाच राहिला.

इथे थांबून एक सांगितलं पाहिजे. त्या दिवशी राज्यभर प्रायमरी होती. दोन्ही पक्ष आपापला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडत होते, आणि आमच्या राज्यात ते मत फक्त ज्या-त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच देता येतं. ते ठीक. पण त्याच मतपत्रिकेच्या तळाशी सगळ्या राज्याला विचारलेला एक प्रश्न होता: लहान गावांच्या ॲम्ब्युलन्सचा खर्च राज्याने उचलावा का? होय की नाही. 'होय' झालं तर आमची गाडी राहणार होती. 'नाही' झालं तर जूनअखेर बंद. मग फोन आला की गाडी यायची ती डोंगरापलीकडच्या शहरातून, घाटातली सगळी वळणं घेत.

आणि आमच्या गावात निम्म्या लोकांना पक्षच नाही. खाण बंद पडली तेव्हा दोन्ही पक्षांची मोठी माणसं आली, डोक्यावर खाणीची टोपी घालून फोटो काढले आणि गेली. त्या वर्षी लोकांनी जाऊन पक्षांच्या यादीतून नावं काढून घेतली. पहिला युजीनच. दुकानात वस्तरा परजत म्हणाला होता, "मी दोघांचेही केस कापतो, पण डोकं कोणालाच देत नाही."

लिओना शाळेची बस चालवते आणि फुकटात ॲम्ब्युलन्स. मी टायरच्या दुकानात काम करतो आणि गाडीत मागे, पेशंटजवळ बसतो. बर्फावर तिच्यासारखी गाडी कोणी चालवत नाही. गावातली माणसं आणीबाणीचा नंबर लावतच नाहीत, सरळ तिच्या घरी फोन करतात: "लिओना, बाबांना दम लागलाय." तिने सगळा हिवाळा दारोदार हिंडून या प्रश्नाबद्दल सांगितलं होतं. आणि निम्मं गाव दारातून परत चाललं होतं.

"रॉय, कढई धर," ती मला म्हणाली आणि हात पुसत आत गेली. कढई एका आजींच्या हवाली करून मीही मागोमाग गेलो.

टेबलामागे मार्जरी टल बसली होती. ती पूर्वी शाळेत ग्रंथालय सांभाळायची. अजूनही मोठ्याने बोललं की तिचं बोट ओठावर जातं.

"मार्जरीबाई, युजीनला का परत पाठवलंत?"

"हळू बोल गं. त्याला पक्ष नाही."

"प्रश्नाला कुठे पक्ष आहे? प्रश्न सगळ्यांना विचारलाय."

"हे बघ, माझ्याकडे लिहून आलंय." तिने कार्ड पुढे केलं. जाड, गुळगुळीत, वर काउंटीचा शिक्का. त्यावर ठसठशीत अक्षरात होतं: पक्षनोंदणी नसलेल्या मतदारांना प्रायमरीत मतपत्रिका देऊ नये. पूर्णविराम.

"हे चूक आहे," लिओना म्हणाली.

"छापलेलं आहे, लिओना."

"छापलेलं चूक नसतं? तुमच्याच ग्रंथालयात भूगोलाचं एक पुस्तक होतं, त्यात आमची नदी उलटी वाहत होती. कचेरीला फोन लावा."

"रांग आहे मागे."

"मागच्यांना मी पिरोगी फुकट देते. फोन लावा."

मार्जरीने फोन लावला. व्यस्त. परत लावला. मग ते संगीत सुरू झालं, तुमच्या कचेरीचं ते गोड संगीत, जे ऐकवत तुम्ही माणसाला म्हातारं करता. मागे रांगेतली माणसं कुजबुजायला लागली. आणखी दोघं आली, पक्ष नसेल तर मत नाही, हे कळल्यावर आपणहून वळली. लिओनाने दोघांच्या बाह्या धरल्या. "हलायचं नाही. इथेच उभे राहा."

"अगं, मला कामावर जायचंय!"

"मरायला टेकल्यावर गाडी येणार की नाही ते ठरवायला आलायस ना? मग थांब."

शेवटी पलीकडून कोणीतरी बोललं. मार्जरी ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. फोन ठेवून ती खाली वाकली. टेबलाखालच्या खोक्यात हात घालून तिने तळातून एक पुडकं काढलं. सीलबंद. वर लिहिलेलं: फक्त प्रश्न. पक्ष नसलेल्यांसाठी.

"माझ्या कार्डावर हे नव्हतं," ती म्हणाली. "लिओना, बायबलवर हात ठेवून सांगते."

"तुम्हाला कोण बोलतंय, मार्जरीबाई? फोडा ते."

सील फुटलं. बाह्या धरलेल्या दोघांनी मत दिलं. पण सकाळपासून जे परत गेले होते त्यांचं काय? आणि जे आलेच नव्हते? आज आपला दिवस नाही, ही बातमी एव्हाना गावभर झाली होती. आमच्या गावात बातमी पायांनी चालत नाही, खिडकीतून खिडकीत उडी मारते. आणि असली बातमी मागे घ्यायला कोणी उडी मारत नाही.

लिओनाने फोन हातात घेतला. एकाला केला, तो म्हणाला, "उगाच चेष्टा करू नकोस." दुसरी म्हणाली, "मार्जरीनेच सांगितलंय ना नाही म्हणून?" तिसऱ्याने उचललाच नाही. तिने फोन आपटला.

तेवढ्यात बंबखान्याचा मुख्य क्लाइड रूडेक जिन्याकडे निघाला. बारा वाजत आले होते. आमच्याकडे रोज बाराला छपरावरचा भोंगा वाजतो, खाण चालू होती तेव्हापासून. एक लांब सूर, की गाव जेवायला बसतं. पण तोच सूर खालीवर, खालीवर व्हायला लागला तर त्याचा अर्थ आग. मग हातातला घास टाकून अख्खं गाव बंबखान्याकडे धावतं. लहानपणापासून पायांना लागलेली सवय आहे ती, डोक्याला विचारत नाही.

लिओनाने क्लाइडकडे पाहिलं. क्लाइडने लिओनाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मी काही बोलले का?"

"तुझं तोंड बोलतंय. खोटा भोंगा म्हणजे गुन्हा आहे. माझं पद जाईल."

"खोटा कुठे, क्लाइड? आग लागलीच आहे. फक्त धूर दिसत नाही."

क्लाइड जिन्यापासून मागे फिरला. मग म्हणाला, "मी बाहेर जाऊन सिगारेट ओढतो. रोजचं बटण तू दाब. एकदाच दाबायचं असतं, लक्षात ठेव." आणि गेला. सिगारेट त्याने कधीच सोडली होती.

लिओनाने बटण दाबलं. लांब सूर निघाला. ओसरायला लागला तशी तिने परत दाबलं. सूर वर चढला. सोडलं, उतरला. दाबलं, चढला. छप्पर थरथरत होतं, पिरोगीच्या थाळ्या खणखणत होत्या, मार्जरी दोन्ही हातांनी कान झाकून बसली होती आणि, खरं सांगतो, हसत होती.

आणि गाव आलं! अरे काय आलं! बेकरीतली माणसं कोपरापर्यंत पिठाने माखलेली. कोणी अंघोळीतून, ओल्या डोक्याने. पाद्रीबुवा गळ्यातला नॅपकिन तसाच ठेवून. आणि युजीन, हातात वस्तरा, आणि त्याच्या मागे त्याचं गिऱ्हाईक, अर्धी दाढी साबणाने भरलेली, ओरडत: "युज्या, आधी हा गाल तरी पुरा कर!"

"कुठे? कुठे लागलीय?"

लिओना बाहेर उभ्या बंबाच्या पायरीवर चढली. दाराजवळ प्रचाराला मनाई असते, पांढरी रेघ मारलेली असते. बंब रेघेच्या बाहेर होता. तिथून ती ओरडली, "आग नाही! ऐका! पक्ष नसलेल्यांनाही मत आहे! चूक कचेरीची होती! तुमच्या मतपत्रिका आत पडल्यात, आत्ता फोडल्या!"

मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आग नाहीच?"

"नाही!"

"माझं सूप करपलं, लिओना!"

"सुपाची भरपाई मी करते! होय म्हणा, नाही म्हणा, पण आत जा!"

साबण लावलेला माणूस पहिला हसला. मग सगळे. आणि ती हसणारी गर्दीच आत वळली. रांग बंबखान्यातून बाहेर, रस्त्यावर, चर्चच्या पायऱ्यांपर्यंत. आमच्या गावात अशी रांग मी पगाराच्या दिवशीसुद्धा पाहिलेली नाही. मार्जरी प्रत्येकाला मतपत्रिका देताना म्हणत होती, "माफ करा, सकाळी चूक झाली." बाई सत्तरीच्या, आणि चूक त्यांची नव्हती. युजीन वस्तरा बाहेर ठेवून आत गेला. बाहेर आल्यावर छातीवर चिकटवलेला 'मी मत दिलं'चा कागद दाखवत हिंडत होता, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. "वरातीत नाही, पण जेवायला बसलो," म्हणाला. त्याची बायको इर्मा म्हणाली, "आता त्या माणसाचा दुसरा गाल कर, तो साबण सुकलाय."

संध्याकाळी दारावर आमच्या गावचा आकडा लागला. इतके 'होय' की कोणीतरी मघाचा भोंगा परत वाजवायला निघालं, क्लाइडने कॉलर धरून आणलं. उरलेल्या पिरोगी वाटल्या. कोणीतरी अकॉर्डियन आणलं. लिओना मार्जरीबरोबर नाचली, आणि मार्जरीने एकदाही ओठावर बोट ठेवलं नाही.

सकाळी रेडिओवर राज्याचा निकाल आला. 'नाही.' थोडक्या मतांनी.

थोडक्या म्हणजे किती, ते मी सांगत नाही. तुम्हालाच ठाऊक आहे. तुमचं कार्ड तुमच्या काउंटीतल्या प्रत्येक टेबलावर होतं. किती गावांत ते पुडकं सीलबंदच राहिलं, तेही तुम्हालाच ठाऊक आहे. सगळ्या बंबखान्यांत लिओना नसते.

चौकशी मात्र झाली. 'प्रश्नाची मतपत्रिका मात्र द्यावी' ही अर्धी ओळ कार्डावरून कोणी गाळली याची नव्हे. भोंगा कोणी वाजवला याची. कोट घातलेला एक तरुण आला, जिना चढून त्याने बटणाचा फोटो काढला. क्लाइड म्हणाला, "मी." लिओना म्हणाली, "खोटं बोलतोय, त्याला बटण दोनदा दाबायची अक्कल नाही." आणि ॲम्ब्युलन्सच्या किल्ल्या तिने टेबलावर ठेवल्या, तरुणाने मागायच्या आधीच. तशीही गाडी जूनअखेर जाणारच होती.

ऑगस्टमध्ये इर्माने फोन केला. सवयीने, लिओनाच्या घरी. "लिओना, युजीन दुकानात पडलाय. गाडी आण."

लिओनाने तिला शहराचा नंबर लावायला सांगितलं, मला हाक मारली, आणि आम्ही तिच्या जुन्या फोर्डमधून निघालो. मागच्या सीटवर युजीनचं डोकं माझ्या मांडीवर, पुढे इर्मा. शहरातली गाडी तिकडून येत होती, आम्ही इकडून जात होतो, की घाटात कुठेतरी गाठ पडेल. माझ्याकडे प्राणवायूची नळी नव्हती, काही नव्हतं. फक्त दोन हात होते, ते मी त्याच्या छातीवर चालवत राहिलो. लिओना चालवत होती तशी कोणी चालवू शकत नाही. शेवटच्या चढाआधीच्या वळणावर मी हात थांबवले. तिने आरशात माझ्याकडे पाहिलं, गाडी हळूच कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली दरीत गावाची छपरं दिसत होती. दूर वरून शहरातल्या गाडीचा आवाज येत होता.

इर्माने मागे वळून विचारलं, "थांबलीस का गं? अजून किती लांब आहे?"

लिओनाने स्टिअरिंगवरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. तिला शब्द सापडले नाहीत, मलाही नाही. तुम्हाला सापडतात, अर्धी ओळ गाळायची कुठे, हेही तुम्हाला बरोबर कळतं. मग तुम्हीच सांगा. इर्मा अजून रोज विचारते, किती लांब होतं. तिला काय उत्तर द्यायचं?