न दबलेली गादी

नवी गादी घेऊन तीन महिने झाले तरी बाबांची पाठ आणि गुडघे तसेच ठणकत होते. म्हणून पोरगा बाबांना आणि गादीला टेम्पोत घालून दुकानात आला.

"पाठदुखीची म्हणून काय गळ्यात मारलीत हो! दुसरी दाखवा."

दुकानदाराने गादीवरून तळहात फिरवला. "दादा, हिच्यावर कुणी झोपलेलंच नाही. कुठं दबलेलीच नाही ही."

पोरगा बाबांकडे वळला. तो कायम रात्रपाळीला, त्याला काय दिसणार!

"बाबा?"

शिलाई मशीनवर जन्म काढलेले बाबा पुटपुटले, "मी खाली सतरंजीवरच झोपतो. तुझं लग्न झालं की सूनबाईला कोरी गादी नको का?"

पोराने गादी पुन्हा टेम्पोत चढवली. मग म्हणाला, "आज मी रजा टाकतोय. तुम्ही हिच्यावर घोरायला लागेपर्यंत उशाशी बसणार."