ठकूने मला पाठ केले

मित्रांनो, चष्म्याच्या दुकानात समोरच्या भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा एक तक्ता असतो. मी तसाच एक जुना तक्ता आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, आणि मनात काहीतरी सलते आहे. ते आज तुम्हाला सांगतो.

छापखान्यातून आलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. आमच्या चष्मेवाल्याने खुर्चीपासूनचे अंतर मोजून मला टांगले. "हा माझा भागीदार," असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा. माझ्यामुळे किती आजोबांना समोरून येणारा माणूस ओळखू येऊ लागला! मी फुशारून जायचो.

मग चष्मेवाल्याची बायको तापाने गेली. तो दुकानात यायचा, मान खाली घालून भिंगे घासायचा, पण बोलणे आटले. त्याची सात वर्षांची मुलगी शाळेतून थेट दुकानात येई. तिला सगळे ठकू म्हणत. तिने मात्र कधी कोणाला ठकवले नव्हते. आत्याने तिला बजावले होते, "बाबाला त्रास द्यायचा नाही हं." म्हणून ती स्टुलावर चढून, मला नाक लावून माझी अक्षरे पुटपुटत बसे. आईचा फोटोही ती तसाच नाकाशी धरी. ते दिसले की बाबा तोंड फिरवून आत निघून जाई.

एकदा शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली. हिला फळा दिसत नाही.

"खुर्चीत बस. वाच," चष्मेवाला भिंग घासतच म्हणाला.

ठकूने माझी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हटली. "छान," म्हणत त्याने चिठ्ठीवर सही केली. मित्रांनो, मला ठाऊक होते! पण मी पडलो कागद.

वर्षभर ठकू फळ्यावरचे चुकीचे उतरवत राहिली, बोलणी खात राहिली. मग दुसरी चिठ्ठी आली. त्या दिवशी रंगारी छत रंगवत होता. शिंतोडे उडू नयेत म्हणून त्याने मला त्याच खिळ्याला पालथे टांगले होते.

"वाच," बाबा खालमानेने म्हणाला. ठकूने सुरुवात केली.

शिडीवरून रंगारी हसला. "मालक, पोरगी जादूगार आहे तुमची! तक्ता तर पालथा आहे."

चष्मेवाल्याच्या हातातले भिंग खळ्ळकन फुटले.

"ठकू, तुला दिसत नाही?"

"नाही. पण मी पाठ केलंय ना. तुला त्रास नको म्हणून."

"आणि आईचा फोटो?"

"लांबून आई पुसट होते."

"मला वाटायचं, तू तिची पापी घेतेस," एवढेच तो म्हणाला.

चार दिवसांत त्याने स्वतः जाड भिंगांचा चष्मा बनवला. तो लावून ठकू त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुझी दाढी केवढी पांढरी झाली!"

त्याने तिला जवळ घेतले. पण तिचे गेलेले वर्ष त्याला परत देता आले नाही, मलाही नाही.

मित्रांनो, घरातले मोठे दुःखात असले तरी आपले दुखणे त्यांना सांगा. आणि तुमच्या शेजारी बसणारे कोणी गप्प गप्प सोसत असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही बोला. मी सगळे पाहत होतो, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.