चंदाबाईची गोण

कोणी खरं मानणार नाही, पण आमच्या कारभारणीनं, चंदाबाईनं, विणलेली गोण एकदा वाघानं ओढून नेली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच आणून टाकली. दात बोथट झाले होते बिचाऱ्याचे.

हसा. गोण मात्र खरी. सणाच्या वाखाच्या सुतळीची, बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी. आमच्या बापजाद्यांनी अशाच गोणींत मीठ भरून मुलूख पालथा घातला. मी लाकडी ढेरा फिरवून सुतळी कातायचो; चंदाबाई अंगणात खुंट्यांना उभ्या सुतळीचा ताण लावून विणायची. गोणीच्या तोंडाची शिवण घालताना आपल्या डोक्याचा एक केस त्यात ओवायची. मग बैल घरची वाट चुकत नाही म्हणे.

साठ सालापर्यंत नेरच्या बाजारात गिरणीची पोती आली, माल ट्रकवर चढला. एक अडत्या म्हणाला, "भावसिंग, हे ट्रकच्या पाठीवर टाकू काय?" तिथं मीही हसलो. घरी आलो तर चंदाबाई दारातच.

"खपली काय वो?"

तिच्या डोळ्यांची जोत कधीच विझली होती. उरली होती ती बोटं, आणि बोटांना हे एकच काम. माझ्या तोंडून निघून गेलं, "हातोहात!"

तेव्हापासून गोण तयार झाली की बाजाराला निघायचो, नाल्याकाठी पळसाखाली बसून ती उसवायचो, सुतळीचा गुंडा करायचो आणि दोन दिवसांनी 'नवी कातली' म्हणून तिच्या पुढ्यात ठेवायचो. दोन वर्षं बाई एकच गोण विणत होती.

परवा ती ताण लावत बसली होती. मी रंगात आलो.

"मागची गोण ढाणकीच्या माणसानं नेली. त्याचा बैल दुसरी गोण पाठीवर घेईचना. बसला खाली!"

"बसला?"

"मंग! तुही गोण दाखवली तवा उठला."

ती खळखळून हसली. हसता हसता सुतळी चाचपत होती. मग बोटं थांबली. पिळातून तिनं काहीतरी हळूच ओढून काढलं, बोटाला गुंडाळलं.

"ढाणकीले गेली ना वो माही गोण?"

"गेली म्हन्तो ना."

"मंग माहा केस घरी कसा आला?"